अकारविल्हे लग्नपत्रिका

जगात समजायला कठीण असं काहीच नाही, जे आहे ते फक्त चुकीच्या क्रमाने सांगितलेलं आहे, यावर देवापेक्षा जास्त विश्वास असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि नशिबाने तो माझा घरमालक निघाला. गणित, राजकारण, गुडघेदुखी, नवरा-बायकोचं भांडण, कशाबद्दलही त्यांचं मत ठरलेलं: "मथळा नीट नाही दिला गा कोणी, म्हणून समजून नाही राहिलं." नंदनवन नावाच्या वस्तीत त्यांचं दोन मजली घर आहे. खाली ते एकटे, वर मी एकटा. मी वाडीतल्या एका मालवाहतुकीच्या गोदामात कोणता ट्रक कुठे लावायचा हे पाहतो. वाडी शहराच्या एका टोकाला, नंदनवन दुसऱ्या, त्यामुळे इतक्या लांब खोली का घेतली असं सगळे विचारतात. दिवसभर ट्रकांचे हॉर्न ऐकल्यावर संध्याकाळी ते कानावर पडू नयेत, एवढंच मला हवं होतं. घरमालकांनी हे कारण ऐकून समाधानाने मान डोलावली होती. "एकच कारण आहे, अन् छोटं आहे. लोकं चार-चार कारणं सांगतात, तेव्हा समजून घ्यायचं का त्यातलं एकही खरं नाही."

कळमेश्वरच्या एमआयडीसीत पाण्याचे पंप आणि कूलर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. पंपाच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली, घडी घातलेली एक पुस्तिका असते. आपण ती काढतो, बाजूला ठेवतो आणि मग पंप उलटा बसवतो. ती पुस्तिका ते लिहीत. म्हणजे विदर्भात सर्वांत जास्त छापला गेलेला आणि सर्वांत कमी वाचला गेलेला लेखक माझ्या खाली राहतो, असं म्हणायला हरकत नाही. याचं दुःख त्यांना असावं असं मला आधी वाटायचं. पण एकदा इतवारी बाजारात त्यांना चिवड्याचा पुडा मिळाला तो त्यांच्याच पुस्तिकेच्या कागदात बांधलेला. दुसरा कोणी खचला असता. यांनी पुडा सोडला, कागद उजेडात धरला आणि दुकानदाराला म्हणाले, "पान पाचवर फाडलं नं तुम्ही? एकदम बरोबर फाडलं. तिथं विभाग संपते."

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी किल्ली दाखवायच्या आधी माझ्या हातात एक पुस्तिका ठेवली होती. 'वरची खोली: वापरण्याची पद्धत.' आत अनुक्रमणिका. मग 'प्रवेश करण्यापूर्वी', 'नेहमीचा वापर', 'हे करू नये' आणि शेवटी तीन रकान्यांचा तक्ता: अडचण, संभाव्य कारण, उपाय. "अडचण: नळाला पाणी येत नाही. संभाव्य कारण: पाणी सोडलेलेच नाही. उपाय: थांबावे." "अडचण: छतावर पावलांचा आवाज. संभाव्य कारण: मांजर. उपाय: मांजरास उपाय नाही." मी हसलो, तर ते गंभीरपणे म्हणाले की हसणाऱ्याने वाचलेलं असतं, एवढं आपल्याला पुरे आहे. या खोलीत पूर्वी त्यांची पुतणी राहायची. ती कळमेश्वरच्या धाकट्या भावाची मुलगी, कॉलेजची पाच वर्षं इथेच राहिली. घरमालकांना मूलबाळ नाही, त्यामुळे पुस्तिकेची पहिली आवृत्ती तिच्यासाठी लिहिलेली होती आणि तीत 'परीक्षेच्या दिवसांत' असा एक जादा विभाग होता.

एवढं सगळं लिहिणाऱ्या या माणसाला आयुष्यात एकच कागद जमला नव्हता. धाकट्या भावाला पत्र. भाऊ सहा वर्षं बोलत नव्हता. कळमेश्वर काही परदेशात नाही, तासाभराचा रस्ता आहे. तिथे तीस वर्षं रोज कंपनीच्या बसने जाऊन-येऊन त्यांची हाडं झिजली होती. पण भावाच्या दारात उभं राहायचं म्हटलं की ते घातलेल्या चपला काढून ठेवत. "समोरासमोर क्रम राहत नाही गा. माणूस भलतीकडूनच सुरू करते. कागदावर पाहिजे," असं म्हणत ते पुन्हा कागद घेऊन बसत. माझी ओळख झाली तेव्हा पत्राचा चौथा मसुदा चालू होता.

घरात बाकी सगळं लावलेलं. चपलांच्या स्टँडवर 'रोजच्या' आणि 'बाहेरगावच्या' अशा चिठ्ठ्या, औषधांच्या डब्यात 'सकाळ', 'संध्याकाळ' आणि 'डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून'. बेशिस्त फक्त स्वयंपाकघराच्या फळीवर होती. बायको होती तेव्हा त्यांनी तिच्या प्रत्येक डब्यावर नाव लिहून चिकटवलं होतं. तिने एकही नाव काढलं नाही, पण मनात येईल ते मनात येईल त्या डब्यात भरलं. 'रवा' लिहिलेल्या डब्यात पोहे, 'हळद' लिहिलेल्यात साबुदाणा. "ती म्हणे, मले वास येते, तुमच्यावाणी वाचत नाही बसत मी," एवढंच त्यांनी मला सांगितलं. तिला जाऊन सात-आठ वर्षं झाली. डबे तसेच आहेत. जगातली प्रत्येक पाटी सुधारायला निघालेला हा माणूस पोहे करताना 'रवा' उघडतो. पहिल्याच आठवड्यात मी मदत म्हणून नावं बदलू का असं विचारलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

बोलण्याचे प्रकार जगात पाचच, असं त्यांचं म्हणणं. वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम आणि अडचण-उपाय. समोरचा यांपैकी कोणत्या प्रकारात बोलतो आहे हे एकदा कळलं की ऐकणाऱ्याचं निम्मं काम होतं. म्हणून ते आधी तेवढंच विचारून घेत. शेजारच्या ताई एकदा सकाळी सकाळी फाटकापाशी आल्या आणि सासूबद्दल बोलायला लागल्या. सासूने काय म्हटलं, नणंदेने काय म्हटलं, नवरा कसा गप्प बसला. घरमालकांनी पाच मिनिटं ऐकून हात वर केला. "ताई, एक मिनिट. हे तुम्ही वर्णन करून राहिल्या, का अडचण सांगून राहिल्या?" ताई म्हणाल्या, "काका, मी रडून राहिली!" ते खरोखर गोंधळले. रडणं पाचांत बसत नव्हतं. त्यांनी आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला, आणि ताई पाणी पीत असताना मला हळूच म्हणाले, "पाण्याने थांबली. म्हणजे अडचण-उपायच होय." डॉक्टरकडे ते स्वतःच्या दुखण्याचा कागद घेऊन जात: 'मुख्य तक्रार', 'दुय्यम तक्रारी', आणि 'सौ.च्या म्हणण्यानुसार' नावाचा एक जुना विभाग, जो आता रिकामा सोडलेला असे. डॉक्टर तो कागद टेबलावर उलटा ठेवून म्हणत, "काका, गुडघा दाखवा."

मला त्यांनी नाव ठेवलं होतं 'वाचक'. त्याला कारण होतं. लिहिलेलं आपल्याला समजतं यात काही विशेष नाही, ज्याला त्यातलं ओ की ठो माहीत नाही अशा माणसाला वाचून दाखवायचं आणि मग विचारायचं, 'काय समजलं?', असा त्यांचा नोकरीतला नियम होता. कारखान्यात ते कॅन्टीनमधल्या चहावाल्या बाईला पुस्तिका वाचून दाखवत. एकदा नव्या पंपाची पुस्तिका ऐकून ती म्हणाली होती, "सगळं समजलं साहेब, पण हा चालू कुठून होते?" इंजिनिअरांनी तपासलेल्या त्या पुस्तिकेत बटण कुठे आहे तेच लिहायचं राहिलं होतं. त्या बाईचा उल्लेख ते अजूनही आदराने करतात. तिच्यानंतर मी. दर रविवारी सकाळी सातला माझ्या दाराखालून एक कागद आत सरके. तो घेऊन मी खाली जाई, ते चहा करत, मी मोठ्याने वाचे, आणि ते डोळे मिटून विचारत, "काय समजलं?" कधी ती महानगरपालिकेला पाण्याच्या वेळेबद्दलची सूचना असे, कधी बँकेच्या फॉर्मची दुरुस्त प्रत, जी बँकेने मागितलेली नसे. पण दोन-तीन रविवारांआड ते पत्रच असे. सहा वर्षांपूर्वी काय झालं ते मला अशा तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे त्यांच्या दृष्टीने अगदी अशास्त्रीय पद्धतीने कळलं.

झालं होतं असं, की पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा भावाने मोठ्या विश्वासाने पत्रिका यांच्याकडे सोपवली. "दादा, तूच लिहिणारा माणूस. तू पाहून घे." घरमालकांनी घरातल्या जुन्या वीसेक पत्रिका काढून अभ्यास केला आणि त्यांना घामच फुटला. आमचे येथे श्री कृपेकरून, मग आजोबा, पणजोबा, मामा, आत्या, निमंत्रक, विनीत, प्रेषक, आणि या गर्दीत खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लग्नाची वेळ. "वाचणाऱ्याले काय पाहिजे? केव्हा अन् कुठं. तेच लपवून ठेवलं गा लोकांनी!" त्यांनी पत्रिका नव्याने रचली. वरचं 'श्री' तेवढं जागेवर ठेवलं, कारण तो मथळा आहे असं त्यांनी मानलं. त्याखाली: एक, कोणाचे लग्न. दोन, केव्हा. तीन, कुठे. चार, कसे पोहोचावे. यात बसचा थांबा, रेल्वे फाटक बंद असल्यास दुसरा रस्ता, आणि मंडपाकडे तोंड करून उभे राहिल्यास गाड्या लावायची जागा कोणत्या हाताला. पाच, भोजन. आणि सहा, पानाच्या मागच्या बाजूला, व्यक्तिसूची. अकारविल्हे.

दोन्हीकडची मिळून सत्तर-पंच्याहत्तर नावं त्यांनी अ पासून ह पर्यंत लावली. लहान-मोठं नाही, वरपक्ष-वधूपक्ष नाही, सगळ्यांना एकच न्याय. त्यामुळे झालं काय, की 'कै.' असलेले सगळे पूर्वज क मध्ये जमा झाले. केशवराव मामा आणि कौसल्याबाई मावशी या दोन धडधाकट माणसांच्या मधे एकापाठोपाठ पाच कैलासवासी. केशवरावांच्या घरी चार ठिकाणांहून चौकशीचे फोन गेले. पण ते निभावलं असतं. व्याह्यांचं, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांचं नाव हरिभाऊ. ते सूचीत सगळ्यांत शेवटी आले, आणि पुस्तिकांच्या जुन्या सवयीने घरमालकांनी त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'समाप्त'.

भावाने ही पत्रिका पहिल्यांदा पाहिली ती व्याह्यांच्याच दिवाणखान्यात, कुंकू लावून ती त्यांच्या हातात दिल्यावर. गठ्ठे छापखान्यातून परस्पर व्याह्यांकडे पोचले होते. व्याह्यांनी चष्मा लावला, पुढची बाजू वाचली, पान उलटलं, बोट वरून खाली नेत नेत अगदी तळाशी थांबवलं, आणि भावाकडे पाहिलं. त्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. तो काय बोलला हे घरमालक कधी पूर्ण सांगत नाहीत, एवढंच म्हणतात की "बोलण्यात क्रम नव्हता." त्यानंतर फोन नाही. पुतणी लग्न होऊन रायपूरला गेली. तिचे सुरुवातीला फोन येत, पण हे "ठीक आहे बेटा, ठीक आहे" म्हणून ठेवून देत, मग तेही थांबले. बायको आदल्याच वर्षी गेली होती. म्हणजे एका वर्षाच्या आत हे घर पूर्ण रिकामं झालं. मला हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक ट्रक चुकीच्या फलाटाला लावला.

आता ते पत्र. त्यांची मूळ इच्छा साधी होती, भावाने एकदा दाराशी यावं, बस. पण सातव्या मसुद्यापर्यंत त्याचं जे झालं होतं ते असं: "विषय: माफीबाबत." मग 'पार्श्वभूमी', त्यात लग्नपत्रिकांच्या प्रचलित रचनेतले दोष. मग 'घटनाक्रम', आकडे घालून: एक, पत्रिकेचे काम सोपवले गेले, दोन, रचना निश्चित केली, तीन, छपाई, चार, वाटप, पाच, फोन, सहा, लग्न यथासांग पार पडले (प्रस्तुत लेखक अनुपस्थित). पुढे 'चुकीची कारणे', 'चुकीचे परिणाम', आणि 'उपाय', ज्यात पत्रिका जुन्या पद्धतीने पुन्हा छापून सर्व नातेवाइकांना पाठवायची तयारी दाखवली होती. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर! मी वाचून संपवलं. त्यांनी डोळे मिटले. "काय समजलं?"

मी म्हटलं, "सगळं समजलं. शंका काहीच नाही राहिली. पण काका, हे वाचून कोणी येईल का?"

"काहून नाही येणार? आधी दोष दिला, मग कारण दिलं, मग उपाय. अजून काय पाहिजे माणसाले?"

मी गोदामातला माणूस, खोक्यावर पत्ता असला की माझं काम झालं. मी एवढंच म्हटलं की पोस्टाने पाठवायच्या ऐवजी आपण स्कूटरने नेऊन देऊ, कोणाच्या हातात पडलं ते तरी कळेल. त्यांनी पत्राची घडी घालून ते पाकिटात ठेवलं. मग आत गेले, आणि बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून.

मार्चचा शेवट होता, सकाळी नऊलाच ऊन अंगावर यायला लागलं होतं. काटोल नाका ओलांडेपर्यंत ते माझ्या मागे बसून रस्त्यावरच्या पाट्या तपासत होते. "हे पाहा, 'पुढे वळण आहे' हे वळण संपल्यावर लावलं! हे वळणासाठी आहे का आठवणीसाठी?" संत्र्याचे बगीचे लागले तसे त्यांचे शेरे कमी झाले. कळमेश्वरच्या वेशीपासून ते फक्त कोपरा आला की माझ्या खांद्यावर डावीकडे किंवा उजवीकडे एक बोट टेकवत.

भाऊ अंगणात कूलर धूत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात ब्रश, बाजूला वाळत घातलेलं कूलरचं गवत. चेहरा हुबेहूब घरमालकांचा, फक्त मिश्या जादा. त्याने वर पाहिलं, ब्रश बादलीत टाकला आणि उभा राहिला. घरमालकांनी खिशातून पाकीट काढून पुढे केलं. त्याने ओले हात पँटला पुसले, आतून चष्मा मागवला आणि उन्हातच वाचायला लागला. भावाची बायको चष्मा देऊन दारात थांबली. तो सावकाश वाचत होता, ओठ हलवत. घरमालक त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता कागदाकडे पाहत होते. कोणत्या विभागापर्यंत आला ते त्यांना मागच्या बाजूनेही कळत असणार. दुसऱ्या पानावर भावाचं बोट थांबलं.

"हे कंसात काहून लिहिलं?"

"काय?"

"हे. 'प्रस्तुत लेखक अनुपस्थित.' हे तू कंसात काहून लिहिलं गा, दादा?"

घरमालक पुढे होऊन बघू लागले. "ते... मुख्य मुद्द्याशी त्याचा सरळ संबंध नाही नं. म्हणून वेगळं ठेवलं."

भावाने चष्मा काढला. "पत्रिका कोण वाचते बे? लोकं तारीख पाहतात अन् टीव्हीवर ठेवून देतात. व्याह्याईचा राग दोन दिवसांत गेला. आता तर चारचौघांत सांगून हसतात, माझ्यापुढे समाप्त लिहिलं म्हणून. मी ओरडलो, हाव ओरडलो. येऊ नको म्हटलं होतं का मी तुले?" त्याचा आवाज चढत होता आणि फाटतही होता. "पोरगी मंडपात मान वळवू वळवू पाहून राहिली होती. मोठे बाबा आले का? मोठे बाबा आले का? अक्षता पडल्या तरी फाटकाकडे पाहून राहिली. गाडीत बसली तरी तेच. पाच वर्षं तुझ्या घरी राहिली ती. तू आला काहून नाही?"

मी घरमालकांना इतकी वर्षं ओळखतो. कारण विचारलं आणि त्यांनी दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. "एक..." म्हणाले, आणि बोट वर केलं. ते बोट तसंच राहिलं. मग हळूहळू हात खाली आला.

"लाज वाटली," ते म्हणाले.

"मले नाही वाटली का?" भाऊ म्हणाला. "मोठ्या भावाची जागा रिकामी ठेवून पोरीले पाठवलं मी. मले नाही वाटली?"

मला वाटलं आता दार लागणार. मी स्कूटरची किल्लीही काढली होती. पण भावाची बायको दारातूनच म्हणाली, "आता उन्हातच उभं ठेवता का त्याईले? दादा, आत या. तुम्ही बी या." आम्ही आत गेलो. जेवण झालं, वांग्याची भाजी आणि भाकरी. माफ केलं असं भाऊ म्हणाला नाही, आणि विचारायची हिंमत कोणाची नव्हती. ते पत्र टीपॉयवर तसंच पडलं होतं, सहाव्या मुद्द्यापुढचं कोणी वाचलंच नाही. हात धुतल्यावर भावाने रायपूरला फोन लावला, "घे, बोल, पाहा कोण आहे ते," एवढं मुलीला सांगून फोन घरमालकांच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर कूलरकडे निघून गेला. पलीकडून ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. घरमालक फोन दोन्ही हातांनी धरून उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हाव बेटा. मोठे बाबा. आलो नं. आत्ता आलो." मीही बाहेर जाऊन बादली उगाच सरकवली.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. आता घरमालक दर रविवारी सकाळच्या बसने कळमेश्वरला जातात. दोघं भाऊ काय बोलतात मला माहीत नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "काही नाही गा. बसतो." पुतणी दिवाळीत येऊन गेली, वरच्या खोलीतही आली, आपली खिडकी उघडून पाहिली, आणि पुस्तिकेतला मांजराचा उपाय अजून तोच आहे का असं विचारून हसली. घरमालक आता कोणाला सुधारत नाहीत असं नाही. परवाच त्यांनी भाजीवाल्याला पालेभाज्या एका बाजूला लावायला सांगितल्या. पण रविवारी माझ्या दाराखालून कागद येत नाही. लिहायचं काही उरलं नाही म्हणे. मला आनंद झाला, खरंच झाला. मनासारखं झालेल्या माणसाकडे पाहून जेवढा व्हायला पाहिजे तेवढा झाला.

गोदामात मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो, की रविवारी मला बोलावू नका, घरमालक एकटे आहेत, त्यांच्याजवळ बसावं लागतं. मागच्या रविवारी नेहमीच्या वेळेला जाग आली. उठून दाराशी गेलो, खाली पाहिलं, फरशीवर काही नव्हतं. जिना उतरून गेलो तर दाराला कुलूप. ते असणारच होतं, मला ठाऊक होतं. तरी मी तिथे पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. एकटं कोण होतं आणि कोण कोणाजवळ बसत होतं, हे मी इतके दिवस उलटंच वाचत आलो होतो. शेजारच्या ताईंनी फाटकातून विचारलं, "काय गा, किल्ली हरवली का?" मी हो म्हटलं. मग वर येऊन खिडकीपाशी बसलो. कळमेश्वरहून परतीची बस साडेपाचला पोचते. तिथून ऑटोने नंदनवनात यायला त्यांना पाऊण तास लागतो. सव्वासहाला खालचं फाटक वाजतं.